गावची जैवविविधता नोंदवही कपाटात आहे. ती मुलांच्या हाती कशी द्यावी?

प्रश्न : वाडीवरची शाळा (रायगड जिल्हा)

नमस्कार. रायगड जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीवरील शाळेत मी गेली अकरा वर्षे शिकवते. पहिली ते सातवीपर्यंत आमची एक्केचाळीस मुले आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक कातकरी आणि ठाकर घरांतली असून बाकीची कुणब्यांची आहेत.

गेल्या आषाढात वाडीतील एक वृद्ध कातकरी आजी वारल्या. मी येथे नवीन असताना शेवळे कशी काढायची हे त्यांनीच मला दाखवले होते. पहिल्या पावसाने माती जेमतेम ओली झाली, की शेवळाचा तपकिरी कोंब जमिनीतून सरळ वर येतो. तो मुळाशी न उपटता बोटाने खुडायचा, वरचे आवरण उलगडून आतला पिवळा भाग काढून टाकायचा, आणि उरलेले चिरून काकडाच्या आंबट फळांच्या रसात शिजवायचे. काकड घातले नाही तर घसा खाजून हैराण होतो. शेवळ कोठे उगवते हे वाडीत अनेकांना ठाऊक आहे. पण काकडाची कोणती झाडे लवकर फळतात, त्यांतले कोणते यंदा फळणार नाही, आणि एका जागची किती शेवळे काढली म्हणजे पुढच्या वर्षी तेथे पुन्हा मिळतात, हे आजींना ठाऊक होते. त्या गेल्यानंतर मी ग्रामपंचायतीत जाऊन आमच्या गावची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडे, पिके, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान नोंदवून ठेवायची वही, पाहायला मागितली. त्यात शेवळापुढे एवढेच लिहिलेले आहे : ‘रानभाजी, पावसाळी, खाद्य.’

अशी नोंद का झाली असावी, हे मला कळते. जैविक विविधता कायदा 2002 सालचा आहे आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोकांच्या सल्ल्याने नोंदवही करावी, हे त्याच्या नियमांतच आहे. परंतु बहुतेक गावांत वर्षानुवर्षे काहीच झाले नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये सर्व राज्यांना 31 जानेवारी 2020 ही अखेरची मुदत दिली आणि ती चुकल्यास राज्याला दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील असे ठरवले. त्या घाईत आमच्याकडेही बाहेरून माणसे आली, चार दिवस राहिली, सरपंच आणि दोघा-तिघांना विचारून रकाने भरून गेली. आजींना कोणी विचारल्याचे वाडीत कोणाला आठवत नाही.

माझा प्रश्न असा आहे. सातवी झाली की आमची मुले आश्रमशाळेत किंवा तालुक्याला जातात आणि पुढे पनवेल-मुंबईकडे. माझ्या हाती ती सात वर्षे असतात. एवढ्या काळात गावच्या रानाचे, बियाण्याचे आणि झाडापेडांचे ज्ञान त्यांच्यात खरोखर रुजावे यासाठी काय करावे? चित्रकला आणि निबंध स्पर्धा आम्ही घेतल्या आहेत. मुलांना त्या आवडतात, परंतु महिन्याभरात त्यातले काही उरत नाही. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांचे अनुभव वाचायला मिळाले तर फार उपकार होतील.

उत्तर 1 : मडक्यातले बी (अकोले तालुका)

बाई, तुमच्या आजींविषयी वाचून माझ्या सासूबाई आठवल्या. मी शेतकरी आहे आणि आमच्या बचत गटातल्या बायका मिळून गावठी बियाणे राखतो. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. आमच्याच तालुक्यातल्या त्या, शाळेत न गेलेल्या, पण त्यांच्या बीज बँकेत शेकड्याने वाण आहेत. त्यांची एक पद्धत आम्ही जशीच्या तशी उचलली आहे : बी नेणाऱ्याने पीक आल्यावर त्याच्या दुप्पट परत आणून द्यायचे. शाळेसाठी याहून चांगला नियम मला सुचत नाही.

आमच्याकडच्या शाळेत चार वर्षांपूर्वी आम्ही याची सुरुवात केली. प्रत्येक मुलाला एकच वाण दिला. कोणाला काळभात, कोणाला जिरवेल, कोणाला रायभोग, कोणाला घेवड्याचा एखादा प्रकार. त्याने तो घरच्या शेताच्या कोपऱ्यात किंवा परसात लावायचा आणि दिवाळीनंतर दुप्पट बी शाळेत आणून पुढच्या इयत्तेतल्या मुलाच्या हातात द्यायचे. आपल्याला बी कोणाकडून मिळाले आणि आपण ते कोणाला दिले, ही दोन नावे मुलाला पाठ असतात. घरातली मोठी माणसे यात आपोआप ओढली गेली, कारण भाताचे बी कोणत्या लोंबीचे धरावे हे दहा वर्षांच्या मुलाला कसे कळणार? त्याला आजोबांना विचारावेच लागते. आजोबा मग त्याला बांधावरच्या सावलीतल्या, पाखरांनी टोचलेल्या लोंब्या सोडायला सांगतात, वावराच्या मधल्या, भरल्या दाण्याच्या आणि एकाच वेळी पिकलेल्या लोंब्या निवडायला लावतात आणि उंच वाढलेली वेगळी रोपे भेसळीची म्हणून आधीच उपटून दाखवतात. हे मी मुलांना तोंडाने सांगितले असते तर पाच मिनिटांत संपले असते.

बी वाळले की नाही हे आम्ही दाताने पाहतो. दाण्याचा दाताखाली कट्ट असा आवाज होऊन सरळ तुकडा पडला तर तो ठेवणीचा, दाबला जाऊन चपटा झाला तर आणखी उन्हे द्यायची. घेवडा-वालाचे बी चाळलेल्या राखेत मिसळून मडक्यात भरायचे, वर कडुलिंबाचा पाला घालायचा आणि तोंडाला शेणमातीचे लिंपण द्यायचे. एवढे करूनही भाताचे बी घरच्या साठवणीत एक-दोन पावसाळ्यांपलीकडे भरवशाचे राहत नाही, म्हणून दरसाल थोडे तरी पेरावेच लागते. नोंदवहीत वाणाचे नाव लिहून ठेवले आणि पेरणी थांबली, तर तीन वर्षांनी नाव राहते आणि वाण जातो.

एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते. पहिल्या वर्षी दोन मुलींनी गावठी भोपळ्याचे दोन वेगळे प्रकार एकाच कुंपणावर चढवले. त्या वर्षी फळे ठीक आली; पण त्यांच्या बियांपासून पुढच्या वर्षी जे भोपळे लागले ते ना या प्रकाराचे होते ना त्या. भोपळ्याचे पराग मधमाश्या एका वेलावरून दुसऱ्या वेलावर नेतात, हे आम्हा बायकांना माहीत होते, पण मुलींना सांगायचे राहून गेले. त्यांतल्या एकीचे वाईट तोंड मी विसरले नाही. तेव्हापासून भोपळा आणि काकडी एका आळीत एकाच मुलाकडे देतो. भात, वाल यांना ही अडचण फारशी नाही, म्हणून तुम्ही सुरुवात त्यांच्यापासून करा.

उत्तर 2 : देवराईची वाट (पुणे)

वरील ताईंचे उत्तर अतिशय मोलाचे आहे. मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे आणि मुळशी, वेल्हे, पोलादपूर या भागांतील देवरायांत बरीच वर्षे हिंडलो आहे. बियाण्याबाबत ‘वापरात राहील तेच टिकेल’ हे मला पूर्ण मान्य आहे. रानातल्या वनस्पतींबाबत मात्र अचूक ओळख आणि नीट लेखन यांचे महत्त्व कमी लेखू नये.

याचे कारण मुलांच्या सुरक्षिततेशी संबंधित आहे. कळलावीचे फूल इतके देखणे असते की मूल तिकडे धावतेच, पण तिचा कंद विषारी आहे. ‘कुडा’ या एकाच नावाने वेगवेगळ्या खोऱ्यांत वेगवेगळी झाडे ओळखली जातात, आणि ज्या कुड्याची फुले भाजीत घालतात तो कोणता, हे त्या त्या गावच्या जाणत्या माणसाकडूनच समजून घ्यावे लागते. म्हणून मुलांनी काही खुडण्यापूर्वी ते जाणत्या बाईला दाखवले पाहिजे आणि तिने ‘हो’ म्हटल्याशिवाय ते टोपलीत जाता कामा नये, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा. सोबत प्रत्येक वनस्पतीचे एक पान, एक फूल वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, वाळवून वहीत चिकटवावे आणि खाली तारीख, जागा, सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव व तिने सांगितलेले स्थानिक नाव लिहावे. शास्त्रीय नाव नंतर एखाद्या महाविद्यालयातून मिळवता येईल; सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव मात्र नंतर मिळत नाही.

लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना 1990च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणली, तेव्हा तिचा गाभा हाच होता की गावकऱ्यांनी स्वतःच्या परिसराविषयी स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि त्यावरून आपल्या परिसराचे व्यवस्थापन ठरवावे. रकाने भरून अहवाल पाठवणे हे तिचे उद्दिष्ट नव्हते. तुमच्या गावची वही तशी झाली असली तरी ती बंद झालेली नाही. नोंदवहीत वेळोवेळी भर घालणे अपेक्षितच आहे, आणि समितीने ठराव केला तर मुलांच्या वहीतील नोंदी तिच्यात समाविष्ट होऊ शकतात. तसे झाले तर मुलांच्या कामाला गावात वजन येईल.

आता देवराईविषयी. तुमच्या भागात काळकाई, वाघजाई, सोमजाई, भैरी यांच्या नावाने एखादी राई असेलच. 1970च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जे जंगल भोवताली कधीच तुटून गेले होते त्याचे नमुने या तुकड्यांत शिल्लक असल्याचे दिसून आले. ते शिल्लक राहिले ते नियमामुळे. राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, आत जाताना पायातले बाहेर काढायचे, कौल घेतल्याशिवाय फांदीला कोयता लावायचा नाही. माझा असा अनुभव आहे की मुलांना झाडांची यादी शिकवली तर ती विसरतात, परंतु नियम आणि त्यामागची गोष्ट त्या राईतच उभे राहून गुरवाकडून किंवा एखाद्या मानकऱ्याकडून ऐकली तर ती विसरत नाहीत. एका गावी आम्ही मुलांना गारंबीच्या वेलाखाली बसवले होते. त्याची हातभराहून लांब शेंग वर लोंबत होती आणि मांडीएवढे जाड खोड तीन झाडांवर वळसे घेत गेले होते. त्याचा एक वळसा जमिनीपाशी तुटलेला होता. गुरवांनी तो कोणी, कोणत्या साली आणि कशासाठी तोडला आणि त्यानंतर गावाने काय दंड केला हे शांतपणे सांगितले. मुले त्या तुटलेल्या टोकाला हात लावून पाहत होती.

ही राई आज दोन गोष्टींनी धोक्यात आहे, आणि दोन्ही गोष्टी श्रद्धा नसलेली माणसे करत नाहीत, हे मला मोठ्या दुःखाने लिहावे लागते. जुने कौलारू देऊळ पाडून सिमेंटचे मोठे मंदिर बांधायचे ठरते, त्यासाठी राईतलीच झाडे विकून पैसा उभा करतात, आणि मग सभामंडप व वाहनतळासाठी आणखी झाडे जातात. मुलांनी राईचा नकाशा काढला, चैत्रात तिथल्या झऱ्याला किती पाणी असते ते दर वर्षी मोजले आणि ते आकडे ग्रामसभेत वाचून दाखवले, तर जीर्णोद्धाराची चर्चा कधी निघालीच तर त्या राईच्या बाजूने बोलणारे कोणीतरी गावात तयार असेल.

आणखी एक सूचना. औषधी ज्ञान वहीत उतरवताना सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि त्याने ‘हे लिहू नका’ म्हटले तर लिहू नये. जखमेवर हळद लावण्यावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिले गेले आणि भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने पुरावे सादर केल्यावर 1997 मध्ये ते रद्द झाले. तो लढा छापील पुराव्यांच्या बळावर जिंकता आला, म्हणजे लेखनाचा उपयोग आहेच. पण वैदू काही गोष्टी फक्त आपल्या शिष्याला सांगतो, आणि तो त्याचा अधिकार आहे.

उत्तर 3 : कुडाळचा चाकरमानी (ठाणे)

मी गावाबाहेर राहणाऱ्यांच्या बाजूने थोडे लिहितो. मुले शहरात गेली की सगळे संपले असे कृपया समजू नका. आम्ही गणपतीला आणि शिमग्याला गावी जातोच, आणि निदान सिंधुदुर्गात गणपतीचे दिवस म्हणजे रान सर्वांत भरलेले असण्याचे दिवस असतात.

आमच्याकडे गणपतीच्या वर माटवी बांधतात. गोव्यात तिलाच माटोळी म्हणतात. लाकडी चौकटीला नारळ, सुपारी, आंबाडे यांच्याबरोबर कवंडाळाची लालभडक फळे, कांगण्याचे घोस, शेरवडाची पांढरी पाने, हरण नावाच्या वनस्पतीची पिवळी फुले आणि तेरडा बांधतात. लहानपणी आम्ही मुले आदल्या दिवशी काकांबरोबर हे सगळे आणायला जायचो. कवंडाळ कोणत्या कुंपणावर मिळते आणि फळ तसेच खाल्ले तर काय होते, हे मला त्या फेरीत कळले. गोव्यात सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते आणि काही घरांच्या माटोळीत शंभराहून अधिक प्रकारच्या रानवस्तू असतात.

गेल्या काही वर्षांत आमच्या घरी माटवीचे सामान बाजारातून विकत येऊ लागले होते. परवाच्या गणपतीला मी आणि चुलतभावाने ठरवून सगळ्या मुलांना काकांबरोबर रानात पाठवले. काका आता एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि घाटीवर चढताना थांबून दम घेतात. मुलांनी सव्वीस प्रकार आणले. पुष्कळ जण एकाच जागेहून तोडतात, म्हणून प्रत्येक वेलावर निम्मी फळे सोडायची, असे काकांनी बजावले होते. तुमच्या वाडीत माटवीची रीत नसेल, पण नवान्न, गौरी यांसाठी रानातून काहीतरी आणायची रीत असेलच. ती धरून चालावे, असे मला सुचवावेसे वाटते.

उत्तर 4 : ग्रामसभेचा कार्यकर्ता (गडचिरोली जिल्हा)

सर्वांची उत्तरे वाचली आणि आवडली. तरीही मूळ प्रश्नातला एक भाग अजून कोणी हाताळलेला नाही, तो म्हणजे मुलांनी हे का शिकावे, हा. तरुण मुलगा मला सरळ विचारतो, ‘काका, हे रान आपले आहे का?’ त्याला ‘होय’ म्हणता येत नसेल, तर रानाचे ज्ञान त्याला आजोबांची आठवण म्हणून गोड वाटेल, पण त्यासाठी तो दिवसाचा एक तासही देणार नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाने 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 मध्ये ग्रामसभेने स्वतःच्या अधिकारात बांबू विकला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट चालतात, आणि निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणजे तरुणांना समजावून घेतल्याशिवाय म्हातारे पुढे जाऊ शकत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर 2012 मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडणे बंद केले. पैसा मिळत होता, पण पानांसाठी फांद्या तोडल्या जातात आणि जंगलाला आग लावली जाते, म्हणून गावाने बांबूवर भर दिला. ज्या सभेत असा निर्णय होतो त्या सभेत मागे बसलेला चौदा वर्षांचा मुलगा जे शिकतो, ते कोणत्याही वर्गात शिकवता येणार नाही.

तेव्हा बाई, तुमच्या वाडीचा सामूहिक वनहक्काचा दावा झाला आहे का, हे आधी पाहा. झाला नसेल तर दाव्यासोबत जोडायच्या पुराव्यांत वडीलधाऱ्यांचे जबाब आणि परंपरेने वापरात असलेल्या जागांचा नकाशा लागतो. शेवळे कोठे, काकड कोठे, मध कोणत्या कड्यावर, खेकडे कोणत्या ओढ्यात, हे मुलांनी वडीलधाऱ्यांबरोबर फिरून नोंदवलेले कागद त्या कामी येतील. आमच्याकडे असे काही नकाशे मुलांनीच काढले होते. दाव्याच्या पडताळणीच्या दिवशी अधिकाऱ्यांना जागा दाखवायला त्यांतल्याच दोन मुली पुढे चालल्या होत्या.

प्रश्नकर्त्या शिक्षिकेचे उत्तर : वाडीवरची शाळा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तरे मी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवली. वनहक्काचा दावा वाडीने तीन वर्षांपूर्वी दाखल केला होता आणि नकाशा अपुरा म्हणून तो परत आला आहे, हे मला त्या बैठकीत पहिल्यांदा कळले. अकरा वर्षे इथे राहून मी हे कधी विचारले नव्हते. नकाशाचे काम सहावी-सातवीच्या मुलांकडून करून घ्यायचे ठरले आहे. वाडीतले दोघे जण दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर फिरतील.

बियाण्यासाठी तीन घरांतून वालाचे आणि एका घरातून खाचरातल्या जुन्या भाताचे बी मिळाले आहे. भाताचे बी फार थोडे, दोन ओंजळी असेल. त्या घरच्या काकूंनी ते देताना दाणा दाताखाली फोडून दाखवला, तेव्हा मला अकोल्याच्या ताईंची आठवण झाली.

एक अडचण मात्र मला या चर्चेमुळेच लक्षात आली. आमची शाळा जूनच्या मध्यावर उघडते, आणि शेवळे येतात ती पहिल्या पावसाला, म्हणजे बहुतेक वर्षी शाळा उघडण्याच्या आठ-दहा दिवस आधी. अकरा वर्षांत मी शेवळांविषयी वर्गात जे काही बोलले, ते शेवळे संपल्यावर बोलले. तसेच मोहाच्या फुलांचे. ती चैत्रात पडतात तेव्हा आम्ही परीक्षांच्या तयारीत असतो. रानाचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक समोरासमोर ठेवून मी एक तक्ता करायला घेतला आहे, आणि सुट्टीतले काही दिवस वाडीवर राहायचे ठरवले आहे.

आजींच्या धाकट्या बहीण पलीकडच्या पाड्यावर असतात. त्यांना नीट दिसत नाही, पण लवकर फळणाऱ्या काकडांपैकी दोन झाडांपर्यंत त्या मुलांना नेऊ शकतील, असे त्या म्हणाल्या. तिसरे झाड ओढ्यापलीकडे आहे. तेथवर त्यांना आता चालवत नाही. ते कसे ओळखायचे ते त्यांनी मला सांगितले आहे : खोडावर जुनी कोयत्याची खूण, आणि शेजारी पडलेला उंबर. पाऊस पडण्याआधी मी मुलांना घेऊन ते शोधायला जाणार आहे.